टेबलावर बैल हवा!

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, दिवस कलता कलता संपली, असं इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. (विश्वास तर त्याच लढाईत गेला, असं आपल्याकडे म्हणतातच!) ती लढाई अजून चालू आहे. जिथे चार मराठी पुरुष, एक चहाची किटली आणि हातभर मोकळं टेबल एकत्र येतं, तिथे ती रोज होते. साखरेचा डबा म्हणजे पानिपत गाव. ओला चमचा आडवा ठेवला की झाली यमुना. बशा म्हणजे इब्राहिमखानाचे गारदी, काड्यापेटी म्हणजे अब्दाली, आणि मल्हारराव होळकर म्हणून बिस्किट ठेवतात, कारण ते वेळीच बाहेर काढलेलं बरं असतं. मग सर्वांत मोठ्या आवाजाचा गृहस्थ भाऊसाहेब होतो आणि पाच मिनिटांत काड्यापेटी टेबलाखाली जाते. चहाचे पैसे देताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अटकेपार झेंडा लावून आल्याचं तेज असतं.

या लढाईचं मुख्य हत्यार म्हणजे ‘जर’. जर भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर. जर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. जर सूरजमल जाट रुसून गेला नसता तर. तोफखान्यापेक्षा ‘जर’ची मारगिरी लांबवर होते, दारूगोळा लागत नाही आणि आपलं एक माणूस मरत नाही. १९८८ साली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी आल्यापासून तर गावोगाव इतके सेनापती तयार झाले की, शिपाई म्हणून कोण राहणार हा प्रश्नच आहे.

मी भांडायला बसलोय तो या मंडळींशी. माझं म्हणणं एवढंच की, टेबलावर पानिपत खेळायचं असेल तर जरूर खेळा. पण नियमाने खेळा, फासे टाकून खेळा, हरायची तयारी ठेवून खेळा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टेबलावर बैल ठेवून खेळा. बैल नसलेलं पानिपत हे पानिपत नव्हे. ते नुसतं चहापान.

बैलाचं पुढे सांगतो. आधी माझं सैन्य दाखवतो, कारण टीका करणाऱ्याने स्वतःचं घर उघडून दाखवावं असा नियम आहे.

गडचिरोलीहून पूर्वेला, छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं धानोरा. तिथे एका बँकेच्या शाखेत मी कारकून आहे. बी.कॉम. आहे, म्हणजे इतिहास हा माझा विषय नव्हे, जमाखर्च हा आहे. माझं रणमैदान म्हणजे जुन्या घराचा एक सागवानी दरवाजा. दोन पिंपांवर आडवा टाकला की सहा फूट बाय साडेतीन फूट पानिपत तयार होतं. कडी अजून आहे. ती आम्ही कुंजपुऱ्याचा किल्ला समजतो.

सैन्याची सुरुवात माझ्या भाच्यामुळे झाली. तो नोकरीनिमित्त इंग्लंडात होता. येताना मामासाठी त्याने मद्य आणलं नाही, मामीसाठी अत्तर आणलं नाही. अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या धातूच्या शिपायांचा एक खोका आणला. हे शिपाई प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे. तिकडे असल्या शिपायांनी जुन्या लढाया टेबलावर पुन्हा लढण्याचा मोठा शौक आहे. फ्रेडरिकचं सात वर्षांचं युद्ध १७५६ ते १७६३, म्हणजे बरोबर पानिपतच्या वेळचं. गारदी हे फ्रेंच धर्तीच्या कवायतीत तयार झालेले. तेव्हा तिकोनी टोप्या कानशीने घासून काढल्या, वर रंगाची पगडी चढवली आणि प्रशियाचं सैन्य विनातक्रार इब्राहिमखानाच्या नोकरीत रुजू झालं. बदलीची ऑर्डरसुद्धा लागली नाही.

मराठे म्हणून दिवाळीत पुण्याहून आणलेले मातीचे मावळे आहेत. ते शिवकालातले आहेत, शिवाय आकाराने हत्तीपेक्षा मोठे आहेत. पण निष्ठावान आहेत. घोडदळासाठी बुद्धिबळाचे पाच संच फोडले. पांढरे दहा घोडे आपले, काळे दहा अब्दालीचे. अब्दालीकडे उंटांच्या पाठीवर बसवलेल्या लहान तोफा होत्या, जंबुरके म्हणत त्यांना. त्यासाठी बुद्धिबळातले उंट. बुद्धिबळातला उंट बघून ‘हा उंट’ असं ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय, पण नाव उंट आहे ना, झालं!

आता पहिला हल्ला. आमच्या गावचे एक सेवानिवृत्त गुरुजी एकदा हे मैदान पाहून भडकले. म्हणाले, “अहो, जिथे आपल्या पूर्वजांचं रक्त सांडलं, त्यावर तुम्ही फासे टाकता? लाज नाही वाटत?”

मी म्हटलं, “गुरुजी, तुम्ही परवा चौकातल्या हॉटेलात अब्दालीला कंदहारपर्यंत पिटाळलात, ते कशावर टाकून?”

“ती चर्चा होती.”

हेच मला खुपतं. नियम नसले की ती चर्चा, आणि नियम असले की तो पोरखेळ! अहो, बुद्धिबळ तरी काय आहे? घोडा, हत्ती, उंट, प्यादी, वजीर: चौसष्ट घरांवर मांडलेली लढाईच ती, आणि ती आपल्याच देशात जन्मली. प्रशियाच्या सैन्याने १८२४ साली असाच एक टेबलावरचा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. नकाशावर निळ्या-लाल पट्ट्या, हातात फासे, आणि मध्ये एक पंच. गंमत म्हणजे प्रत्येक बाजूला शत्रू कुठे आहे ते पंच सांगेल तेवढंच कळायचं. एच. जी. वेल्स हा केवढा मोठा लेखक! त्याने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, आणि शेवटी बजावलं की, हा खेळ दोनचार वेळा खेळून पाहा म्हणजे खरं युद्ध केवढी गोंधळाची आणि घोडचुकांची गोष्ट असते ते समजेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. वाचायला हवं होतं त्यांनी वाचलं नव्हतं, दुसरं काय!

तेव्हा खेळाने पूर्वजांचा अपमान होत नाही. अपमान होतो तो चहा संपायच्या आत त्यांना जिंकून दिल्याने. कारण त्याचा अर्थ असा होतो की, जी गोष्ट मला बिस्किट बुडवता बुडवता सुचली, ती त्या हजारो माणसांना अडीच महिने उपाशी बसून सुचली नाही. याहून मोठा अपमान कोणता?

गुरुजी गप्प बसले. मी त्यांना अब्दाली दिला. आता ते दर चौथ्या शनिवारी येतात. (बँकेला त्या दिवशी सुटी असते, आणि मराठी माणसाला पानिपत लढायला सुटीच लागते.)

आता दुसरा हल्ला, आणि तो परतवणं जास्त कठीण आहे, कारण तो जाणकारांचा आहे. भाच्याच्या खोक्याबरोबर नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. कोटाच्या बाहीची पट्टी कोणत्या पलटणीची कोणत्या रंगाची, बंदुकीची गोळी टेबलावर किती इंच जाते, पलटणीचा धीर कधी सुटतो, याचं त्यात इतकं बारीक वर्णन की शिंप्याने वाचलं तरी त्याचा फायदा व्हावा. पण अख्ख्या पुस्तकात ‘धान्य’ हा शब्द नाही! दोन्ही बाजूंनी सारख्या गुणांचं सैन्य निवडायचं, सकाळी समोरासमोर मांडायचं आणि सुरू. भाचा म्हणतो, “मामा, खेळ बरोबरीचा पाहिजे ना! एक बाजू आधीच उपाशी असेल तर मजा काय?”

मजा! बाबा रे, ती बाजू उपाशी होती हीच तर लढाई आहे!

खरं म्हणजे बैल मी ठरवून आणलेच नव्हते. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात. पोरगा मोठा झाला की बैल माळ्यावर जातात. एका शनिवारी शिपायांच्या खोक्याबरोबर ते बारा बैलही खाली आले आणि सौभाग्यवतींनी ते टेबलाच्या कोपऱ्यात ठेवले. आमच्या शाखेचा चपराशी सहज आला होता. त्याने मैदान डोळे भरून पाहिलं आणि विचारलं, “साहेब, हे बैल कोणत्या पार्टीचे जी?”

मी म्हटलं, “कोणत्याच नाही. तसेच ठेवलेत.”

तो म्हणाला, “मंग एवढे लोक खातेत काय?”

इतकी लढाईची पुस्तकं लिहिली गेली. पण सगळ्या लढाईचा ताळेबंद एका ओळीत मागणारा माणूस मला धानोऱ्यात भेटला. ज्याने धान खांद्यावर वाहिलं आहे त्यालाच हा प्रश्न पडतो. आपल्याला पडत नाही, कारण आपल्याला ताट वाढून मिळतं.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत पानिपतचं खातं उघडतो. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामावर जय. मार्चमध्ये भाऊसाहेब उत्तरेला निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, पण तिजोरीत खडखडाट. म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं. त्याचे सुमारे नऊ लाख रुपये झाले असं सांगतात. डोक्यावरचं छत विकून पगार करावा लागतो, त्या संस्थेला कोणती बँक कर्ज देईल? १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं. खात्यावरची शेवटची मोठी जमा ती. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. झालं! हेड ऑफिसशी संबंध तुटला. (आमच्याकडे याला ‘लिंक नाही’ म्हणतात, पण आमची लिंक दुपारपर्यंत येते.)

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. दुआबातून पैसा आणि दाणा पाठवायची, शिवाय अब्दालीची रसद तोडायची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. ते वयाने थकलेले, शरीराने जड, वसुलीतले मुरलेले अधिकारी, लढवय्ये नव्हेत. डिसेंबरात अफगाण स्वारांनी त्यांना गाठून मारलं. तिकडे नजीबखान रोहिला स्वतःच्या मुलखातून अब्दालीला दाणा पुरवतच होता. दिल्लीहून पैसा घेऊन निघालेली आपली एक तुकडी तर रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि सरळ अब्दालीच्या छावणीत शिरली! माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर शहारा येतो तो इथे. विश्वासरावांच्या गोळीपाशी सगळेच रडतात. कॅशची गाडी चुकून भलत्याच दारात उभी राहिली, या प्रसंगावर एकही पोवाडा नाही.

१३ जानेवारीच्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊंकडे गेले ते हेच सांगायला, की अन्न संपलं. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशी ते दुपारपर्यंत असे लढले की अब्दालीची फळी मोडायला आली होती. रिकाम्या पोटी! आणि आपण भरल्या पोटी विचारतो, “भाऊ हत्तीवरून का उतरले?”

कोणी म्हणेल, लढाई म्हणजे शौर्य. दाण्याचं काय घेऊन बसलात? त्याला मी पालखेड दाखवतो. १७२८ साली थोरल्या बाजीरावांनी निजामाला इकडून तिकडे इतकं पळवलं की त्याचा जड तोफखाना मागे राहिला, आणि वैजापूरजवळच्या पालखेडला त्याला असं कोंडलं की दाणा नाही आणि पाणी नाही. मोठी लढाई न होताच निजाम शरण आला. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनापती माँटगोमेरी, त्यानेही पुढे आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली. बाजीरावांनी निजामाचे बैल थांबवले, तलवार फारशी उपसावीच लागली नाही. आणि तेहतीस वर्षांनी त्यांच्याच सख्ख्या पुतण्याला अब्दालीने तोच धडा उलटा शिकवला. पण तुम्ही कधी चहाच्या टेबलावर पालखेड खेळताना कोणी पाहिलंय? नाही. तिथे हल्ला नाही, हत्ती नाही, ‘जर’ नाही. नुसती रसद. मराठी माणसाला जिंकलेल्या लढाईत रस नसतो; हरलेली जिंकण्यात असतो.

म्हणून आम्ही धानोऱ्याचे नियम केले. खेळ १४ जानेवारीला सुरू होत नाही. १ नोव्हेंबरला होतो. तीन दिवसांचा एक डाव, असे पंचवीस डाव. मराठ्यांकडे सुरुवातीला सहा बैल, अब्दालीकडे सहा. दर डावाला एक बैल खाली जातो, म्हणजे खाल्ला. मराठ्यांनी फाशावर पाच किंवा सहा पाडले तर एक बैल परत येतो. गोविंदपंत पडले की तोही बंद. बैल संपले की प्रत्येक फाशातून एक वजा, आणि घोड्यांनी धावायचं नाही. कारण घोडाही खातो, हे नियमपुस्तकवाल्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. शिवाय टेबलाच्या मधोमध दोरीवर एक चादर. पलीकडे काय आहे ते पंच सांगेल तेवढंच. पंच आमच्या सौभाग्यवती. त्या खरं तेवढंच सांगतात, पण सगळं सांगत नाहीत. हा गुण पंचाला आवश्यक आहे.

या खेळात एक अडचण मात्र आहे. विदर्भात प्रत्येक पुरुष ‘भाऊ’. एका संध्याकाळी भाचा मोठ्याने ओरडला, “मामा, भाऊ पडले! भाऊ गेले!” आणि शेजारच्या काकू हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आल्या. “कोणते भाऊ जी? आत्ता तर दुकानातून गेले!” त्यांना सदाशिवराव चिमाजी असं पूर्ण नाव सांगून परत पाठवावं लागलं.

या नियमांनी खेळलं की काय होतं, सांगतो. जो कोणी भाऊसाहेब होतो, तो चौथ्या-पाचव्या डावापर्यंत मिशीला पीळ देतो. आठव्या डावाला बैल मोजतो. दहाव्याला म्हणतो, “निघू या. वाट मिळेल तिकडे, दिल्लीकडे.” म्हणजे डिसेंबर उजाडता उजाडता छावणी उठते, आणि १४ जानेवारीची लढाई होतच नाही! बघायला जमलेली मंडळी चिडतात. “हे काय पानिपत? एक तलवार नाही चालली!” एकाने तर चहासुद्धा नाकारला.

मग गुरुजींनीच खरा मुद्दा काढला. म्हणाले, “तुमचे भाऊ निघाले, कारण त्यांच्या मागे दहा घोडे आणि चार मावळे आहेत. खऱ्या भाऊंच्या मागे लाखभर तोंडं होती. ती कुठायत तुमच्या टेबलावर?”

त्या दिवसापासून आमच्या पानिपतात चिंचोके आले. एक वाटीभर. शिपाई नसलेले सगळे म्हणजे चिंचोके: कुरुक्षेत्राच्या स्नानाला निघालेले यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, भिस्ती, नालबंद, आचारी, फडावरचे कारकून. लढणाऱ्यांपेक्षा ही माणसं अधिक होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. नियम सोपा: चिंचोके लढत नाहीत, खातात. त्यांना सोडून जाता येतं, पण मग ते टेबलावरच राहतात आणि काळे घोडे तिथवर येतात. चिंचोके टेबलावर आले, आणि भाऊसाहेबाचा हात दहाव्या डावाला अडखळू लागला. आता कोणी पटकन ‘निघू या’ म्हणत नाही. गुरुजी एकदा भाऊ झाले होते. वाटी हातात घेऊन दहा मिनिटं बसून राहिले.

आणि आता माझं खरं भांडण. “बुणग्यांमुळे हरलो!” हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? मी तर जिथे जातो तिथे ऐकतो. बुणगे नसते तर फौज मोकळी झाली असती. सूरजमलने सांगितलंच होतं, बायकापोरं आणि जड सामान मागे ठेवा म्हणून. खरं आहे, सांगितलं होतं. पण त्याच सूरजमलने लढाईनंतर अन्नावाचून, वस्त्रावाचून पळत आलेल्या याच लोकांना आपल्या मुलखात आसरा दिला, खाऊ घातलं आणि वाटेला लावलं. सल्ला मानला नाही म्हणून त्याने दार लावून घेतलं नाही. आपण मात्र अडीचशे वर्षांनंतरही त्या उपाशी माणसांना बिल पाठवतो आहोत: तुम्ही का आलात?

हे वाक्य बोलणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिथे असता, तर कोण असता? उत्तर ठरलेलं. कोणी जनकोजी होतो, कोणी समशेरबहाद्दर. हॉटेलातल्या पानिपतात आजवर एकही माणूस भिस्ती झालेला नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे मला मोजता येतं. मी तिथे असतो तर फडावर मांडी घालून गोणी मोजत असतो, थंडीने बोटं आखडलेली, आणि १४ तारखेच्या दुपारी कोणीतरी ओरडलं असतं तेव्हा चोपडी उचलू की पळू, हा विचार करत उभा राहिलो असतो. मी चिंचोका आहे. तुम्हीही आहात. त्या धामधुमीतून एक अठरा वर्षांचा पोरगा जीव वाचवून निघाला. त्याची आई मात्र तिथेच हरवली. तो पुढे नाना फडणीस झाला आणि त्याने हिशेबाच्या वहीवर राज्य सांभाळलं. बाकीच्यांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत.

तुम्ही म्हणाल, धानोऱ्याच्या माणसाला पानिपतचं एवढं काय? नागपूरकर भोसले तर त्या मैदानावर नव्हतेच, आणि चांद्याचा मुलूख १७५१ पासून त्यांच्याचकडे होता. बरोबर. आमचा कोणी तिथे पडला असेल तर तो योगायोगाने. पण दुसऱ्याच्या टेबलावर चिंचोका असणं म्हणजे काय, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. १ फेब्रुवारी २००९ रोजी आमच्याच तालुक्यात मर्केगावच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. त्या वर्षांत या जंगलाचे नकाशे कुठेकुठे, कोणाकोणाच्या टेबलावर पसरलेले होते, देव जाणे. दोन्हीकडे टाचण्या होत्या, बाण होते, रंग होते. नकाशावर जिथे टाचणी टोचतात, तिथे कोणाचं तरी घर असतं, अंगणात धान वाळत असतं आणि दारात बैल बांधलेला असतो. त्या घरातल्या माणसाला दोन्ही बाजू रात्री उठवून एकच विचारतात: तू कोणत्या पार्टीचा? चपराशाने माझ्या बैलांबद्दल तोच शब्द वापरला होता. त्याचं गाव रस्त्यापासून बरंच आत आहे. मी तेव्हा हसलो नव्हतो.

म्हणून माझा आग्रह आहे. टेबलावर हत्ती कमी असले तरी चालतील. गारद्यांच्या पगडीचा रंग चुकला तरी चालेल. पण बैल हवा, चादर हवी आणि वाटीभर चिंचोके हवेत. बैल नसला की शौर्य फुकट मिळतं, चादर नसली की शहाणपण फुकट मिळतं, आणि चिंचोके नसले की जय फुकट मिळतो. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत काय, ते कर्जमाफीच्या दिवसांत काउंटरवर बसलेल्या माणसाला विचारा.

शेवटी त्या प्रसिद्ध पत्राबद्दल. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती एका सावकारी पत्रातून, आणि तीही आमच्या धंद्याच्या भाषेत: दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. सगळे वक्ते ते पत्र सांगताना मोत्यांवर आवाज चढवतात, मोहरांवर थांबतात आणि खुर्द्यापाशी पाण्याचा घोट घेतात.

माझी तक्रार त्या घोटाबद्दल आहे. आमच्या धंद्यात संध्याकाळी मोठ्या नोटा जुळल्या म्हणून कोणी घरी जात नाही. एका रुपयाचा फरक निघाला तरी बल्ब लावून सगळी चिल्लर पुन्हा मोजावी लागते. पानिपतचा खुर्दा मोजायचा राहिलेला आहे. तेव्हा पुढच्या चौथ्या शनिवारी धानोऱ्याला या. चहा आमचा. ‘जर’ दाराबाहेर चपलांजवळ ठेवा, आणि येताना माळ्यावरचा एक लाकडी बैल काढून घेऊन या. गेल्या खेपेला नवव्या डावालाच आमच्याकडचे संपले होते.